महाराष्ट्राची हवा, पाऊस आणि हवामान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळकरी मुले, त्यांचे पालक, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे आणि शेती करणारे वाचक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुद्दाम महाराष्ट्रातली घेतली आहेत. बहुतेक उत्तरांत तुम्हालाच एक उलटा प्रश्न विचारलेला सापडेल: तुम्ही सांगता तो आकडा कुठला, आणि किती वेळातला?

हवा आणि हवामान यांत फरक काय?

आज दुपारी साताऱ्यात ढग दाटले, वारा सुटला, अर्धा तास सर पडली, ही झाली हवा. साताऱ्याचा जुलै एरवी कसा असतो, हे झाले हवामान. हवामान सांगायला किमान ३० वर्षांच्या नोंदी लागतात. जागतिक हवामान संघटनेच्या पद्धतीप्रमाणे सध्या १९९१ ते २०२० हा काळ धरतात. भारतीय हवामान विभागाने मोसमी पावसाच्या देशव्यापी सरासरीसाठी १९७१ ते २०२० अशी ५० वर्षे घेतली आहेत आणि जून ते सप्टेंबरची ती सरासरी येते ८७ सेंटिमीटर. ‘आज हवामान खराब आहे’ असे आपण सर्रास म्हणतो. बोलण्यात त्याने काही बिघडत नाही, परीक्षेत मात्र गुण जातात.

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे नक्की किती पाणी?

सपाट जमिनीवर पडलेले पाणी मुरले नाही, वाहिले नाही आणि वाळलेही नाही, तर जितक्या उंचीचा थर साचेल तितके मिलिमीटर. एका चौरस मीटरवर १ मिमी म्हणजे बरोबर १ लिटर. एकर साधारण ४,०४७ चौरस मीटरचा असतो, म्हणून १० मिमीची एक सर एकरभर रानात सुमारे ४० हजार लिटर पाणी ओतते. हे पाणी रात्रभर भुरभुरत पडले तर मुरते. पंधरा मिनिटांत कोसळले तर बांध फोडून, माती घेऊन ओढ्याला जाते. पावसाच्या आकड्यासोबत वेळ का विचारायची, ते इथे कळते.

महाबळेश्वर पावसात बुडालेले असते आणि खाली वाई कोरडी. असे का?

सह्याद्रीमुळे, हे उत्तर सगळ्यांना पाठ असते. पण या प्रश्नात त्याहून बरेच काही आहे.

अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाने भरलेले वारे कोकणपट्टी ओलांडून सह्याद्रीच्या कड्यांवर आदळतात. पुढे भिंत असल्याने हवा वर चढते. वर हवेचा दाब कमी, म्हणून ती प्रसरण पावते आणि प्रसरण पावली की थंड होते. ढग तयार होईपर्यंत दर किलोमीटरला जवळजवळ १० अंश सेल्सिअस, आणि ढग तयार झाल्यावर साधारण ५ ते ६ अंश, कारण बाष्पाचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते. थंड हवेत बाष्प मावत नाही, ते पाऊस होऊन पडते. हा प्रतिरोध पर्जन्य.

घाटमाथा ओलांडला की हीच हवा पूर्वेकडे खाली उतरते. उतरताना ती दाबली जाते, तापते, आणि तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता वाढते. म्हणजे पूर्वेकडे ‘पाऊस संपलेला असतो’ एवढेच खरे नाही. उतरणारी हवा शिल्लक ढगही विरवून टाकते. हा पर्जन्यछायेचा प्रदेश.

आता आकडे पाहा. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिमीच्या आसपास पाऊस पडतो. पाचगणी तिथून रस्त्याने जेमतेम वीस किलोमीटर पूर्वेला, आणि उंचीलाही फार कमी नाही. दोन्ही गावे समुद्रसपाटीपासून साधारण १,३०० मीटरवर. तरी पाचगणीचा पाऊस महाबळेश्वरच्या एक तृतीयांशाच्या घरात. घाट उतरून वाईला आलात की सात-आठशे, आणि तसेच पूर्वेला माण-खटावकडे गेलात की पाचशेच्या आसपास. म्हणून ‘उंचावर पाऊस जास्त’ हे पाठांतर अर्धवट आहे. उंची किती यापेक्षा, ती उंची वाऱ्याच्या तोंडाशी आहे की पाठीमागे, यावर सगळे ठरते. एकाच सातारा जिल्ह्यात राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी एक आणि कायम टँकरची वाट पाहणारा तालुका, दोन्ही आहेत. ‘सातारा जिल्ह्याची सरासरी’ ऐकली की म्हणूनच माझा तरी त्यावर विश्वास बसत नाही.

मग आणखी पूर्वेला, विदर्भात, पाऊस पुन्हा वाढतो तो कसा?

तिथला पाऊस मुख्यतः बंगालच्या उपसागराच्या भरवशावर असतो. पावसाळ्यात उपसागराच्या उत्तर भागात कमी दाबाची क्षेत्रे तयार होतात आणि ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश अशी पश्चिम-वायव्येकडे सरकतात. अशा प्रणालीत सर्वांत जोराचा पाऊस बहुधा तिच्या नैऋत्य भागात पडतो, आणि प्रणाली छत्तीसगडवर असताना नैऋत्येला असतो विदर्भ. नागपूरला वर्षाला साधारण १,१०० मिमी, गडचिरोलीकडे त्याहून जास्त. याच प्रणाली अरबी समुद्रावरचे वारेही जोराने ओढून घेतात, त्यामुळे कोकण आणि घाटमाथाही त्या दिवसांत झोडपला जातो. मराठवाडा दोन्हीकडून लांब. पश्चिमेचे वारे सह्याद्रीत रिकामे होतात आणि पूर्वेच्या प्रणाली कित्येकदा उत्तरेकडून निघून जातात.

‘कमी दाब’ म्हणजे किती कमी?

फारसा नाही. समुद्रसपाटीला हवेचा सरासरी दाब १,०१३ हेक्टोपास्कल असतो. पावसाळी प्रणालीच्या मध्यभागी तो हजाराच्या थोडा खाली असला तरी पुरतो, म्हणजे फरक एक-दोन टक्क्यांचा. प्रणालीची पायरी वाऱ्याच्या वेगावरून ठरते: ताशी ३१ किलोमीटरच्या खाली असेल तर कमी दाबाचे क्षेत्र, ६२च्या पुढे गेला की चक्रीवादळ, आणि या दोहोंच्या मध्ये अवदाब व तीव्र अवदाब.

मे सर्वांत गरम का? दिवस तर जूनमध्ये मोठा असतो.

सूर्य डोक्यावर कधी येतो ते आधी पाहू. महाराष्ट्र संपूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे सूर्य आपल्या माथ्यावर वर्षातून दोनदा येतो. पुणे-मुंबईच्या अक्षांशावर हे दिवस मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस येतात; तेव्हा भर दुपारी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मेमधला शून्य सावली दिवस शाळा हौसेने साजरा करतात. जुलैमधला ढगांत हरवतो, आणि प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे. मेमध्ये आकाश निरभ्र आणि जमीन कोरडी, म्हणून आलेली सगळी उष्णता जमीन व हवा तापवण्यात जाते. जूनमध्ये ढग ऊन अडवतात, आणि जी उष्णता पोचते तिचा मोठा वाटा ओली जमीन वाळवण्यात खर्च होतो. दिल्लीला पाऊस उशिरा पोचतो, म्हणून तिथे जूनही भाजून काढतो.

ऑक्टोबर हीट हे याच हिशेबाचे शेपूट. पाऊस परततो, आकाश मोकळे होते, पण जमीन आणि हवा दमट असते. मुंबईत ऑक्टोबरचे कमाल तापमान मेच्या तोडीचे असते.

नागपूरला ४२ अंश आणि मुंबईला ३४. तरी मुंबईकर जास्त का तक्रार करतात?

सवयीचा भाग सोडून द्या. मुंबईकरांची तक्रार अगदीच खोटी नाही. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. माठातले पाणी गार होते तेही असेच. हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. म्हणून तापमानासोबत सापेक्ष आर्द्रताही, म्हणजे हवेत मावू शकणाऱ्या बाष्पापैकी किती टक्के भरले आहे तेही, पाहावी लागते.

समुद्रकिनाऱ्यावर दुपारी खारे वारे येतात आणि पारा आवरतात. मार्चमध्ये कधीकधी पूर्वेकडचे कोरडे वारे जोर धरतात, खारे वारे दुपार टळेपर्यंत आत शिरू शकत नाहीत, आणि त्या दिवशी सांताक्रूझला पारा चाळिशीपर्यंत जाऊ शकतो. उष्णतेच्या लाटेचे निकषही म्हणून ठिकाणाप्रमाणे वेगळे आहेत. कमाल तापमान मैदानी भागात किमान ४०, किनारपट्टीवर ३७ आणि डोंगराळ भागात ३० अंश असावे, आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंश किंवा अधिक चढलेले असावे, तेव्हा लाट म्हणतात.

आणखी एक. बातमीतले तापमान सावलीतले असते. पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर तापमापी ठेवून ते घेतात. गाडीच्या डॅशबोर्डवर दिसलेले ४७ अंश हे तुमच्या गाडीचे तापमान आहे, गावाचे नाही.

मान्सून म्हणजे जमीन तापते आणि समुद्रावरून वारे येतात, एवढेच ना?

पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानापुरते ते ठीक आहे. पण जमीन सर्वांत जास्त तापलेली असते मेमध्ये, आणि पाऊस शिखरावर असतो जुलैमध्ये, तेव्हा जमीन कितीतरी थंड झालेली असते. नुसत्या तापण्याने हे सुटत नाही.

दोन्ही गोलार्धांतले व्यापारी वारे जिथे एकमेकांना भेटतात, तो कमी दाबाचा आणि पावसाचा पट्टा सूर्यामागोमाग वर्षभर उत्तर-दक्षिण सरकत असतो. इतर महासागरांवर तो विषुववृत्तापासून फार दूर जात नाही. आपल्याकडे मोठी जमीन आणि उन्हाळ्यात तापणारे तिबेटचे पठार यांच्यामुळे तो पार गंगेच्या मैदानापर्यंत ओढला जातो. मग दक्षिण हिंदी महासागरातले, मादागास्करच्या पूर्वेकडच्या जास्त दाबाच्या क्षेत्रातून निघालेले आग्नेय वारे विषुववृत्त ओलांडतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे ते उजवीकडे वळतात आणि नैऋत्य मोसमी वारे होतात. सोमालियाच्या किनाऱ्याजवळ, दीडेक किलोमीटर उंचीवर, त्यांचा एक वेगवान झोत बनतो. कोकणात कोसळणाऱ्या पाण्यापैकी बरेचसे अरबी समुद्रावरून उचलून आणणारा तोच. एकदा पाऊस सुरू झाला की ढगांत मोकळी होणारी उष्णता हे चक्र चालू ठेवते, म्हणून जमीन थंड झाली तरी मान्सून थांबत नाही.

मान्सून ‘दाखल झाला’ हे कशावरून ठरवतात?

केरळसाठी लेखी निकष आहेत. १० मेनंतर, ठरवलेल्या १४ केंद्रांपैकी ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिमी किंवा अधिक पाऊस, शिवाय पश्चिमी वाऱ्यांच्या थराची पुरेशी जाडी व वेग, आणि ढगांचे पुरेसे आच्छादन. नेहमीची तारीख १ जून. मुंबईची ११ जून.

२०२५मध्ये तो केरळात २४ मेला आणि मुंबईत २६ मेला पोचला. मुंबईसाठी ही नोंदींतली सर्वांत लवकरची तारीख. पण त्यानंतर तो बरेच दिवस रेंगाळला आणि ज्यांनी घाईने पेरण्या केल्या ते आभाळाकडे बघत बसले. आगमनाची तारीख आणि हंगामाचा एकूण पाऊस यांचा संबंध अगदी कच्चा असतो. तारखेचे कौतुक वर्तमानपत्रांना. पेरणीसाठी बघायची ती जमिनीतली ओल.

भर पावसाळ्यात तीन-तीन आठवडे उघडीप का पडते?

गंगेच्या मैदानावरचा कमी दाबाचा पट्टा कधीकधी उत्तरेला सरकून हिमालयाच्या पायथ्याशी जातो. तेव्हा पायथ्याशी पूर येतात आणि मध्य भारत, महाराष्ट्र कोरडे पडतात. याला पावसाचा खंड म्हणतात. देशाच्या पातळीवर २०२३चा ऑगस्ट १९०१पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. हंगामाची बेरीज नंतर सरासरीच्या ९४ टक्क्यांपर्यंत गेली खरी, पण सोयाबीनला शेंगा भरताना जे पाणी हवे होते ते सप्टेंबरच्या बेरजेने परत येत नाही.

एल निनो आला म्हणजे दुष्काळ ठरलेलाच का?

नाही. प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय मध्य-पूर्व भागाचे पाणी नेहमीपेक्षा तापते, तो एल निनो. त्या वर्षी भारतात पाऊस कमी पडण्याची शक्यता वाढते, एवढेच. १९७२चा महाराष्ट्राचा भीषण दुष्काळ एल निनोच्या वर्षातला. २००९ आणि २०१५ही तसेच. पण १९९७चा एल निनो शतकातल्या सर्वांत जोरदारांपैकी एक, आणि त्या वर्षी देशात सरासरीच्या १०२ टक्के पाऊस झाला. हिंदी महासागराच्या पश्चिम आणि पूर्व भागांतल्या तापमानाचा फरकही यात हात घालतो.

हे नाते शोधण्याची सुरुवात भारतातूनच झाली. १९०४ ते १९२४ भारताच्या हवामान विभागाचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर मान्सूनचा अंदाज बांधण्यासाठी जगभरच्या दाबाच्या नोंदी तपासत होते. प्रशांत आणि हिंदी महासागरांवरचा दाब झोपाळ्यासारखा वर-खाली होतो, हे त्यांना त्यात सापडले. त्याचे एल निनोशी असलेले नाते उलगडायला मात्र आणखी काही दशके गेली.

वळीव आणि मान्सूनचा पाऊस ओळखायचा कसा?

वळीव दुपारनंतर येतो. आधी उकाडा, मग धुळीचा लोट, वीज, कडकडाट, टपोरे थेंब, आणि तासाभरात संपले. तापलेल्या जमिनीवरची हवा सरळ वर उसळते आणि उंच ढग एकाच जागी वाढतो. म्हणून शिवाराच्या अलीकडे धुवाधार आणि पलीकडे धूळ, असा प्रकार. मान्सूनची झड पसरट ढगांची, विजा कमी, आणि तिला दुपार-रात्र काही नसते.

अशा उंच ढगात वर पुरेशी थंडी असेल तर गारा होतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पश्चिमी विक्षोभामुळे, म्हणजे पश्चिमेकडून उत्तर भारतावर येणाऱ्या कमी दाबाच्या प्रणालींमुळे, वरच्या थरात थंड हवा येते, खाली दमट वारे असतात, आणि गारपीट होते. २०१४च्या फेब्रुवारीअखेर सुरू झालेली गारपीट मार्चच्या मध्यापर्यंत चालली. द्राक्षे, गहू, हरभरा, सगळे आडवे झाले.

नक्षत्रांवरून पावसाचा अंदाज खरा ठरतो का?

सूर्य एका नक्षत्रात १३-१४ दिवस असतो, म्हणून नक्षत्रे ही मुळात पावसाळ्याची कामाची दिनदर्शिका आहे. मृगात पेर, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, ‘पडतील स्वाती तर पिकतील मोती’: यात पिढ्यांचे निरीक्षण आहे आणि मला ते मोलाचे वाटते. अडचण दोन ठिकाणी आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश डुलतो; या परांचन गतीमुळे नक्षत्रांच्या तारखा ऋतूंच्या तुलनेत ७२ वर्षांत सुमारे एक दिवस पुढे सरकतात, म्हणजे हजार वर्षांत जवळपास एक आख्खे नक्षत्र. दुसरी अडचण पंचांगातल्या वाहनाची. बेडूक, म्हैस, गाढव यांपैकी जे वाहन येते ते सूर्य-चंद्राच्या नक्षत्रांच्या अंतरावरून काढलेले असते, आणि रत्नागिरीला व कोरड्या माण तालुक्यातल्या दहिवडीला एकच असते. ज्या दोन गावांच्या पावसात कितीतरी पटींचा फरक, त्यांना एक गाढव कसे पुरणार?

‘तुरळक ठिकाणी पाऊस’ म्हणतात आणि आमच्याकडे थेंब पडत नाही. अंदाज चुकला ना?

बहुधा नाही. हे शब्द मोजून वापरलेले असतात. त्या भागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस अपेक्षित असेल तर ‘तुरळक ठिकाणी’, निम्म्यापर्यंत ‘काही ठिकाणी’, पाऊणपर्यंत ‘बऱ्याच ठिकाणी’, त्यापुढे ‘बहुतांश ठिकाणी’. तुरळकचा अंदाज असेल तर चारातली तीन गावे कोरडी राहिली तरी तो बरोबरच.

इशाऱ्यांच्या रंगांचेही तसेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. पाऊस २४ तासांत ६४.५ मिमीच्या पुढे गेला तर जोरदार, ११५.६च्या पुढे अतिजोरदार, २०४.४च्या वर अतिवृष्टीतलाही टोकाचा. रंग जिल्ह्याला दिलेला असतो. तुमच्या गल्लीला नव्हे.

२६ जुलै २००५ला मुंबईत ढगफुटी झाली होती का?

त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. त्याच काळात, पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला ७३. ‘मुंबईत किती पाऊस झाला?’ या प्रश्नाला त्या दिवशी एक उत्तर नव्हतेच. ढगफुटी म्हणायला वीस-तीस चौरस किलोमीटरच्या भागात तासाला १०० मिमीचा वेग लागतो. बातम्यांमधल्या बहुतेक ‘ढगफुटी’ या निकषात बसत नाहीत. तो दिवसभराचा टोकाचा पाऊस असतो.

जुलैत चक्रीवादळे का होत नाहीत? समुद्र तर गरमच असतो.

समुद्र गरम असतो, पण खाली पश्चिमेकडून आणि वर पूर्वेकडून जोराचे वारे वाहतात. वादळाचा उभा खांब त्यात कापला जातो. म्हणून आपली वादळे मान्सूनच्या अलीकडे आणि पलीकडे होतात: ३ जून २०२०ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेले निसर्ग, मे २०२१चे तौक्ते.

थंडीत निफाडचे नाव नेहमी का येते?

निरभ्र रात्र, कोरडी हवा, पडलेला वारा, आणि गोदावरी-कादवेचा सखल भाग. जमीन रात्री उष्णता आकाशाकडे सोडते आणि जड, थंड हवा सखल जागी साचते. तिथल्या गहू संशोधन केंद्रावर नोंद होते, म्हणून आकडा बातमीत येतो. पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्या याच थरासाठी. महाबळेश्वरला वेण्णा लेकजवळ गवतावरचे दव गोठते, तेव्हा तापमापीत मात्र शून्याच्या वरचा आकडा असतो. गवत जमिनीलगत, तापमापी वर.

मला घरी पाऊस मोजता येईल का?

सहज. सरळ कडांची, सपाट बुडाची काचेची बरणी घ्या आणि पट्टीने पाण्याची उंची मोजा. बरणी रुंद की अरुंद याने फरक पडत नाही, कारण आपण थराची उंची मोजतो. झाडापासून आणि भिंतीपासून, त्यांच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर ती उघड्यावर ठेवा. मोजायचे सकाळी साडेआठला, रोज त्याच वेळी. हवामान विभागाचा दिवसही साडेआठलाच बदलतो, म्हणून रात्रीचा पाऊस सरकारी नोंदीत दुसऱ्या तारखेला दिसतो. गच्चीवर वाऱ्यामुळे थेंब बरणीबाहेर उडतात आणि आकडा कमी येतो. अंगण असेल तर अंगणच बरे.